आईच्या आवाजावरची नमाज

आमच्या घरात वडिलांना अब्बा म्हणायचे आणि आईला आई. अम्मी नाही, अम्मीजान तर नाहीच नाही. साताऱ्याच्या माझ्या आधीच्या शाळेतल्या बाई हे ऐकून दर वेळी नव्यानं चकित व्हायच्या आणि मी दर वेळी नव्यानं चिडायचे. त्यांना वाटायचं, आम्ही घरी दिवसभर शेरोशायरी करत असणार. आमचं गाव कुंडलच्या अंगाचं. बोली तिथलीच, शिव्याही तिथल्याच. अरबी होती ती नमाजेपुरती, आणि तिचा अर्थ विचारला की अब्बा म्हणायचे, "ज्याला कळायला पायजे त्याला कळतंय. तू पाठ कर."

अब्बा गेले त्याला आता वर्ष होत आलं. भेटायला आलेला जो तो एकच बोलत होता, "लय नमाजी माणूस." खोटं नव्हतं. पण शेवटच्या काही वर्षांत तीच नमाज त्यांच्या हातून निसटायला लागली होती, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ती निसटू नये म्हणून आमच्या घरात काय काय झालं ते मला सांगायचं आहे.

अब्बा पिंजारी. गाद्या, उशा, लोड भरायचे. घराची पुढची पडवी म्हणजेच दुकान. तिथं कापसाचं बारीक धुकं कायम तरंगत असायचं आणि अब्बांच्या भुवया बारा महिने पांढऱ्या. अजान झाली की ते अंगणात जाऊन टॉवेलनं स्वतःलाच झोडपून काढायचे, मग हात-पाय धुऊन मशिदीकडे. "एवढं काय झटकताय?" असं आईनं विचारलं की म्हणायचे, "कापूस घेऊन कशाला जाऊ? तिथं काय झोपायला चाललोय?"

धंद्यात आई निम्मी होती. डबल बेडची गादी एकट्यानं उलटत नाही. एक टोक अब्बांच्या हातात, दुसरं आईच्या. आणि इशारा द्यायचा तो आईनंच. "धरा. उचला. पलटी. टेका." गाणं म्हणावं तसं, एका चालीत. लग्नसराईत दिवसभर घरात हे चार शब्द ऐकू यायचे. दुकानाच्या पाटीवर मालक म्हणून अब्बांचं नाव होतं, हुकूम मात्र आईचा चालायचा. अब्बा कधी तिच्या आधी गादी टेकवायचे नाहीत.

सकाळच्या नमाजेला अब्बा अंधारात उठायचे. परत आले की आईला न उठवता स्टो पेटवायचे आणि चहा ठेवायचे. गॅस आला तरी ही पाळी त्यांनी सोडली नाही. चहा व्हायचा गोडमिट्ट. आई एक घोट घेऊन तोंड वाकडं करायची आणि संपूर्ण कप प्यायची. बायकोला चहा देतो म्हणून भावकीतले लोक चिडवायचे. अब्बा म्हणायचे, "मी उठतोयच की. मग उठलेल्या माणसानं चहा टाकला तर काय त्याची टोपी खाली पडती व्हय?"

घरात भांडण झालेलं असलं तर ते मशिदीत जात नसत. आधी भांडण मिटवायचं, मग जायचं. एकदा आईनं अबोला धरला. कशावरून ते आता आठवत नाही, बहुतेक आत्याच्या जाण्या-येण्यावरून असेल. दुपारची अजान झाली. अब्बा टोपी घालून दारात उभे.

"बोल," म्हणाले.

आई भाकरी थापत राहिली.

"तू बोल, मग जातो. घरात धुसफूस ठेवून गेलं तर तिथं बी तीच ऐकू येती."

आईनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. पलीकडे लोक रांगेला लागले असणार. अब्बा या पायावरून त्या पायावर होत होते. शेवटी आईचंच डोकं फिरलं. पिठाचा हात उगारून ती ओरडली, "जावा की आता!" आणि अब्बा पळत सुटले. ते दोन शब्द त्यांना पुरले. मी आणि भाऊ हसून हसून आडवे झालो. आईलाही हसू आलं होतं, पण तिनं तोंड चुलीकडे फिरवलं.

मी सांगलीला डी. एड.ला होते तेव्हा दर रविवारी ते मला पलूसच्या स्टँडवर सोडायला यायचे. मला खिडकीत बसवायचे आणि खाली उभं राहून खिडकीची दांडी धरायचे, आपण सोडली नाही तर एस.टी. जाणारच नाही असा भाव चेहऱ्यावर. ओठ हलत असायचे. मला लाज वाटायची. आता कुणी तसं दांडी धरून उभं राहत नाही आणि एस.टी. बिनबोभाट सुटते.

विसरायला लागले ते आधी कामात. एका गादीचा कोपरा रिकामाच शिवून टाकला. गिऱ्हाईक ओळखीचं, हसून परत घेऊन आलं. मग गल्लीची वाट चुकली. मशिदीतून निघाले आणि पार ओढ्याच्या पुलावर जाऊन बसले. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे आता वाढतच जाणार, एकट्यानं बाहेर सोडू नका. भाऊ नोकरीला पुण्यात, मी साताऱ्यात. तेव्हापासून अब्बा घरातच नमाज पढू लागले आणि तिथंच घोळ झाला.

मशिदीत पुढं इमाम असतो, शेजारी माणसं असतात. ती वाकली की आपण वाकायचं. घरात एकट्याला सगळं ध्यानात ठेवावं लागतं. उभं राहायचं, कमरेत वाकायचं, परत उभं राहायचं, दोनदा कपाळ टेकायचं, ही झाली एक रकात. दुपारच्या नमाजेत अशा चार. अब्बांना तिसरी चालू आहे की चौथी ते उमजेना. एकदा कपाळ टेकलं की दोनदा, ते कळेना. शंका आली की मान दोन्हीकडं वळवून शेवटचा सलाम फिरवायचा आणि पहिल्यापासून सुरू. परत शंका, परत पहिल्यापासून. एकदा मी सुट्टीत घरी आले तर दुपारची नमाज संध्याकाळ टेकली तरी चालूच होती. गुडघे सोलवटलेले, पाय लटलट कापतायत आणि डोळ्यांतून पाणी.

मला म्हणाले, "पोरी, ह्या हातानं गावाच्या गाद्या भरल्या. येक नमाज भरता येईना बघ."

अब्बांना मी त्याआधी फक्त माझ्या लग्नात रडताना पाहिलं होतं.

मौलाना घरी आले. तरुण पोरगा, स्वभावानं गोड. जवळ बसून समजावलं, "चाचा, ज्याला आठवत न्हाई त्याला अल्लानं सोडलंय. तुमाला माफ हाय."

अब्बा ताठ बसले. "माफी मागितली कुणी?" म्हणाले.

मौलाना चहा पिऊन गेले.

तोड काढली ती आईनं, तीही कुणाला न विचारता. त्याच सुट्टीत एके दिवशी अब्बा परड्याच्या दाराशी मुसल्यावर, म्हणजे नमाजेच्या चटईवर, उभे होते, हात बांधलेले, आणि पुढं काही सुचत नव्हतं. आई मागं पाटावर बसून लसूण सोलत होती. सोलता सोलता, मान वर न करता ती म्हणाली, "वाका आता."

अब्बा वाकले.

"उभं ऱ्हावा."

उभे राहिले.

"टेका."

गुडघ्यांवर हात ठेवत ते खाली बसले आणि त्यांनी कपाळ टेकलं. चाल तीच, गादी उलटायची. "बसा जरा. परत टेका. उठा." चार रकाती झाल्या तशी म्हणाली, "आता उजवीकडं बघा. आता डावीकडं." अब्बांनी सलाम फिरवला आणि मागं वळून तिच्याकडं पाहिलं. ते मी विसरू शकत नाही. परीक्षेत नापास होता होता पास झालेल्या पोराचं तोंड असतं ना, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

मी मास्तरीण. माझा स्वभाव आडवा यायचाच. मी म्हटलं, "आई, मध्ये कुणी बोललं तर नमाज तुटते म्हणतात."

"तुटल्यालीच हाय की," आई म्हणाली. "मी जोडतीया."

तरी मी मौलानांना विचारून आले. ते म्हणाले, "इतकं विसरणाऱ्या माणसाला कुणी आठवण करून दिली तर चालतं, जुन्या किताबांत तसं सांगितलंय. आईंना म्हणावं, खुशाल सांगा." हे मी आईला येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं बाई. न्हाई म्हणाले असते तरी मी काय गप्प बसले असते?"

मग पाची वेळा हेच सुरू झालं. आई कुठंही असली तरी अजानला मुसल्यामागं हजर. भावानं फोनवर सुचवलं, तुझा आवाज मोबाइलमध्ये भरून ठेवू, लावला की झालं. आईनं त्याला वेड्यात काढलं. "मोबाइलला काय कळतंय, आज त्यांची कंबर धरलीया ते?" आणि खरंच, ती अब्बांच्या पाठीकडं बघून बोलायची. थंडीत शब्द सावकाश, उन्हाळ्यात जरा लवकर. शेजारच्या मावशी परड्यातल्या बुटक्या भिंतीपलीकडे भाजी निवडत हे सगळं ऐकत असायच्या. दोघींच्या गप्पा मध्येच थांबायच्या, आई "टेका" म्हणायची, गप्पा पुढं सुरू.

आईला न्यूमोनिया झाला ते पावसाळा सरता सरता. छातीत पाणी झालं म्हणून मिरजेला नेलं. भाऊ तिच्यापाशी थांबला आणि मी रजा टाकून अब्बांपाशी.

पहिल्याच दुपारी मी मागं बसले. अब्बांनी हात बांधले. मी सगळी व्यवस्थित तयारी केली होती. वाकण्याला किताबात रुकू म्हणतात, म्हणून स्पष्ट आवाजात म्हटलं, "अब्बा, रुकू."

अब्बा हललेच नाहीत.

"अब्बा, रुकू करा."

नाहीत. मी मोठ्यानं म्हटलं, मग हळू म्हटलं, शाळेतल्या कवायतीसारखंही म्हणून पाहिलं. अब्बा खांबासारखे उभे. पाय कापायला लागले. एवढ्यात भिंतीपलीकडून, मेथी निवडता निवडता, अगदी आईच्या चालीत आवाज आला.

"आवं, वाका आता."

अब्बा वाकले.

मावशींनी सबंध नमाज तशीच पार पाडली. एकही रकात चुकल्या नाहीत. कुठं जरा जास्त वेळ बसू द्यायचं, शेवटी आधी उजवीकडं आणि मग डावीकडं, सगळं बरोबर. रोज कानावर पडून पाठ झालं होतं. झाल्यावर कुंकू लावलेलं कपाळ भिंतीवरून वर काढून विचारलं, "मी मदीच बोलले, त्याचं पाप-बिप न्हाई ना गं लागत?" मी हसले आणि तिथंच रडायला बसले.

हा प्रसंग मी एकदा साताऱ्यात सांगितला तर ऐकणाऱ्यांनी डोळे पुसले आणि सलोखा, ऐक्य असलं बोलायला सुरुवात केली. मला राग आला. मावशींना ऐक्य करायचं नव्हतं. भावजी उन्हात ताटकळलेत, एवढंच त्यांना दिसलं होतं. आणि माझी चूक काय झाली तेही त्यांनीच मला सांगितलं, "तू पुस्तकातलं बोलतीस. तुझी आई गादीवरचं बोलती." खरं होतं. चाळीस वर्षं ज्या शब्दांवर अब्बांचे हात-पाय हलत होते, तेच शब्द डोक्यात शिल्लक होते. मग मीही "वाका", "टेका" म्हणायला शिकले. चाल जमायला वेळ लागला.

आई मिरजेहून परत आली ती ॲम्ब्युलन्समधून, कापडात.

अब्बांना सांगितलं. त्यांना समजलं. तिच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ बसले. जनाजा निघाला तेव्हा भावानं त्यांना हाताला धरून नेलं. आम्ही बायका घरातच थांबलो होतो, पुढचं मला भावानंच सांगितलं.

जनाज्याची नमाज उभ्या उभ्याच असते. तीत वाकणं नाही, टेकणं नाही. हात बांधून उभं राहायचं, मनात दुआ म्हणायची आणि सलाम फिरवायचा. भावाला वाटलं, बरं झालं, ही तरी अब्बांना कुणाच्या मदतीवाचून पढता येईल. अब्बा पहिल्या रांगेत सरळ उभे राहिले. इमामानं सलाम फिरवला, रांगा मोडल्या, लोक खांदा द्यायला पुढं सरकले. अब्बा तिथंच, हात बांधून. भाऊ म्हणाला, "अब्बा, झाली नमाज. चला." तर दबक्या आवाजात त्याला म्हणाले, "थांब. तिनं अजून वाका म्हटलं न्हाई."

हे सांगताना भाऊ, पन्नाशीचा बाप्या माणूस, पोरासारखा रडला. मी नाही रडले. मला आईचाच राग आला होता, इतक्या लवकर गेली म्हणून.

आठवडा उलटला आणि आई गेली हे अब्बा विसरून गेले. एकदा विचारलं, "ती कुठाय?" भावानं खरं सांगितलं, तर त्या दिवशीइतकेच कोसळले. दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आम्ही कुणीच काही बोललो नाही. मी बदली मागून पलूसजवळच्या शाळेत आले. सकाळ, संध्याकाळ आणि रात्रीची नमाज माझ्याकडं, दुपारच्या दोन्ही नमाजा मावशींकडं. अब्बांना आवाजात फरक कळत नसावा, किंवा कळत असेल आणि चालवून घेत असतील. वाका म्हटलं की वाकायचे. मला तेवढंच हवं होतं.

पण नमाज संपली की ते दुआला हात वर करायचे, आणि दुआ तर कुणी सांगून म्हणायची नसते. ती त्यांची त्यांना येत होती. मराठीतच, मोठ्यानं. आई गेल्यानंतरच्या पहिल्या ईदला भाऊ आलेला होता. अब्बांनी सलाम फिरवला, हात पसरले आणि म्हणाले, "या अल्ला, हिचा खोकला बरा कर. रातभर झोपत न्हाई. हिला जरा झोप दे."

भावानं माझ्याकडं पाहिलं. हळूच मला म्हणाला, "अगं, अशी दुआ कशी चालंल? गेलेल्या माणसासाठी मगफिरत, गुन्ह्यांची माफी, मागायची असते, बरं कर म्हणून न्हाई. आयुष्यभर येवढी नीट नमाज पढलेला माणूस, आणि आता हे चुकीचं मागतोय. त्यांना सांगायला पायजे."

अब्बा पुरे धार्मिक, त्यांचं काही अर्धवट राहू नये, हीच भावाची तळमळ होती. तीच माझी होती. इतके दिवस आम्ही सगळे त्यासाठीच तर झटत होतो, प्रत्येक वाकणं, प्रत्येक टेकणं नीट व्हावं म्हणून. आणि मला माहीत होतं की मी नुसतं म्हटलं, "अब्बा, असं नाही, असं म्हणा," तर ते म्हणतील. सांगितलेलं सगळं ते ऐकत होते.

अब्बांचे हात अजून वरच होते. ते थांबले होते. दुआ संपली की मागं बसलेल्यानं काय म्हणायचं असतं, ते त्यांच्या पक्कं लक्षात होतं.

मी म्हटलं, "आमीन."